लाव्हा दिसेल का, ताई?

हवाईच्या बिग आयलंडवर हेलिकॉप्टरमधून ज्वालामुखी पाहता येतो, असं मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्याच एका विषयाला दिलं आहे. मी बरीच वर्षं हिलोला राहते, शाळेत भूगोल शिकवते. विमानतळ घराच्या टप्प्यात असल्यामुळे सकाळी पहिलं हेलिकॉप्टर उडतं ते मला चहा पिता पिता ऐकू येतं. पाहुणे आले की त्यांच्याबरोबर मीही जाते.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, त्याने यंदा आम्हाला हवाईची सहल भेट दिली आहे. बिग आयलंडवर चार दिवस मुक्काम. हेलिकॉप्टरचं तिकीट माणशी साडेतीनशे डॉलरच्या आसपास सांगतात. एवढे पैसे मोजायचे तर लाव्हा दिसलाच पाहिजे. दिसेल का, ताई?

उत्तर : याची हमी कोणी देऊ शकत नाही. एखादी कंपनी देत असेल तर तिच्याकडे बुकिंग करू नका.

तुम्ही जाहिरातीत पाहिलेले फोटो बहुधा जुन्या काळातले असतील. किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरचं पू-ओ-ओ हे तोंड ३ जानेवारी १९८३ ला फुटलं आणि मधले थोडे खंड सोडले तर एप्रिल २०१८ पर्यंत वाहत राहिलं. त्या पस्तीस वर्षांत हेलिकॉप्टरवाल्यांचं काम सोपं होतं. लाल ओघळ, समुद्रात पडणारा लाव्हा, वाफेचे लोट, यातलं काही ना काही बहुतेक वेळा दिसायचंच. एप्रिल २०१८ च्या शेवटच्या दिवशी पू-ओ-ओचा तळ खचला आणि तो काळ संपला.

आता उद्रेक होतो तो माथ्यावर, हालेमाउमाउ विवरात. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या उद्रेकाची तऱ्हा वेगळी. बहुतेक वेळा काही तास, फार तर दिवसभर लाव्हाचे फवारे उडतात, काही वेळा ३०० मीटरच्याही वर जातात. मग सगळं शांत. पुढचा फवारा कधी चार दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी. तुमच्या चार दिवसांत तो येईल की नाही हे आधी कसं सांगणार? शिवाय जोरात फवारे चालू असतात तेव्हा राख आणि वायू इतका वर जातो की हेलिकॉप्टरला जवळपास फिरकताही येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. हवाई ज्वालामुखी वेधशाळा रोज किलाउएआची स्थिती जाहीर करते, ती बघत राहा. फवारे सुरू झाल्याची बातमी आली तर गाडी काढा आणि हे विवर ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे तिथे जा. गाडीमागे ३० डॉलर, त्यात सात दिवस कितीही वेळा ये-जा करता येते आणि उद्यान रात्रभर उघडं असतं. विवराच्या कडेला उभं राहून अंधारात तो लाव्हा बघा. सोबत स्वेटर ठेवा, तिथली उंची बाराशे मीटरच्या आसपास आहे आणि रात्री चांगलंच गार होतं. हेलिकॉप्टरच्या फेऱ्या दिवसा असतात आणि दिवसाउजेडी लाव्हाचा लाल रंग निम्मा मरतो. पेटता लाव्हा बघण्याची उत्तम जागा जमिनीवरच आहे.

हेलिकॉप्टरचे पैसे मोजायचे ते दुसऱ्या गोष्टीसाठी. तीच गोष्ट पुढच्या पत्रात विचारली आहे.

प्रश्न : लाव्हा नसेल तर वरून दिसतो तो नुसता काळा दगड, असं माझी वहिनी जाऊन आल्यावर म्हणाली. मग त्यात थरार कसला?

उत्तर : वहिनींना पायलटने नीट सांगितलं नसावं. हेडफोनमधून गाणी लावणारे पायलट असतात, त्यांच्यावर माझा राग आहे. काळा दगड एकसारखा कधीच नसतो, त्यातला फरक कोणीतरी दाखवावा लागतो.

हिलोहून निघालं की पहिली काही मिनिटं बागा, पपईचे मळे, सरळ रेषेत आखलेल्या वसाहती. मग जमिनीचा रंग तुकड्यातुकड्याने बदलायला लागतो. इथे रंगावरून वय ओळखायचं. ताज्या लाव्हाच्या पृष्ठावर काचेचा पातळ थर असतो, त्यामुळे ऊन पडलं की तो रुपेरी चमकतो. काही वर्षांनी चमक जाते. मग दगडफुलाची राखाडी झाक चढते, भेगांमध्ये नेचे उगवतात आणि त्यांच्यामागोमाग ओहिया. लाव्हावर पहिल्यांदा मूळ धरणारं हेच झाड, लाल पिसाऱ्यासारखी फुलं येणारं. म्हणजे चंदेरी काळा, मळका काळा, राखाडी, पोपटी, गर्द हिरवा, असा क्रम डोळ्यांत बसवून घेतलात की कुठला ओघ आधीचा आणि कुठला नंतरचा हे पायलटच्या आधी तुम्हीच सांगाल. गर्द हिरव्यात मधेच तपकिरी पडलेली ओहियाची झाडं दिसतात, ती मात्र लाव्हाने मेलेली नव्हेत. एका बुरशीने गेली काही वर्षं या बेटावरच्या ओहियाचा फडशा पाडला आहे आणि शास्त्रज्ञ अशी झाडं हेलिकॉप्टरमधूनही हुडकतात.

पोतही बघा. पाहोएहोए जातीचा लाव्हा गुळगुळीत असतो, वळ्या पडलेल्या दोरखंडासारखा. आआ म्हणजे धारदार खडकांचा खच. वरून पहिला साबणासारखा तुकतुकीत दिसतो, दुसरा नांगरलेल्या शेतासारखा खरबरीत. एकाच उद्रेकात दोन्ही असू शकतात.

मग लेइलानी एस्टेट्स येतं. मे २०१८ मध्ये या वसाहतीच्या रस्त्यांमध्ये भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. भेगांना क्रमांक दिले होते. त्यातली आठ नंबरची भेग शेवटपर्यंत पेटती राहिली. तिच्याभोवती उभी राहिलेली शंकूसारखी टेकडी आज अहुआइलाआउ या नावाने ओळखली जाते. तिथून निघालेला लाव्हाचा प्रवाह सुमारे १३ किलोमीटर वाहत समुद्रापर्यंत गेला. वरून त्याचा मार्ग नदीच्या कोरड्या पात्रासारखा दिसतो, दोन्ही काठांवर थिजलेले बांध. सातशेहून जास्त घरं गेली. कापोहोचा उपसागर भरून गेला, तिथलं हिरवं तळं एका दिवसात वाफ होऊन उडालं.

या जागी पायलटला एक गोलाकार फेरी मारायला सांगा आणि रस्ते बघा. डांबरी रस्ता, मधली रेघ, दोन्ही बाजूंची घरं, अंगणातली नारळाची झाडं, सगळं नेहमीसारखं चाललेलं असतं. मग एका ठिकाणी रस्ता काळ्या भिंतीखाली शिरतो. रेघसुद्धा सरळ आत जाते. भिंतीपलीकडे बराच वेळ काही नाही. आणि मग मध्येच एक हिरवं बेट, त्यात शाबूत छप्पर, पाण्याची टाकी, गवत. चारी बाजूंनी लाव्हा गेला आणि एवढाच तुकडा सुटला. अशा सुटलेल्या तुकड्याला इथे कीपूका म्हणतात. जुन्या कीपूकांमध्ये शेकडो वर्षांचं जंगल टिकून असतं आणि आजूबाजूच्या ओसाड जमिनीवर बिया तिथूनच पसरतात. रस्त्यावर उभं राहून यातलं काहीही कळत नाही. समोर भिंत दिसते, बस्स. प्रवाह कुठून निघाला, कुठे वळला, कुणाला वाचवलं, हे बघायला वरच जावं लागतं. माझ्या मते थरार तो हाच.

किनाऱ्याला आलात की पोहोइकी बघा. होड्या समुद्रात सोडायचा धक्का होता, त्याच्यासमोर २०१८ मध्ये काळ्या वाळूचा नवा किनारा तयार झाला आणि धक्का आत कोंडला गेला. कालापानाही बघा. ते गाव १९९० मध्ये गाडलं गेलं. आज त्याच लाव्हावर लोकांनी पुन्हा घरं बांधली आहेत, सौरपत्रे लावून, पावसाचं पाणी साठवून. काळ्या पठारावर ती छोटी छपरं दिसली की माझ्या पोटात दर वेळी काहीतरी हलतं.

तुमचा मुक्काम बेटाच्या पश्चिमेला, कोनाच्या बाजूला असेल तर त्या बाजूच्या फेऱ्या लांबच्या आणि महाग असतात. पण तिकडे आणखी एक गंमत आहे. हिलोकडे पाऊस धो धो, त्यामुळे जमीन लवकर हिरवी होते. कोनाकडे कोरडं हवामान, म्हणून तिथल्या हुआलालाइ ज्वालामुखीचा १८०१ चा लाव्हा अजून कालपरवाचा वाटतो. कोनाचा विमानतळ त्याच लाव्हावर बांधला आहे, म्हणजे तुम्ही उतरता तेच त्या ओघावर. मौना लोआ ज्वालामुखीजवळून जाणारी फेरी असेल तर २०२२ चा ओघही दाखवायला सांगा. बेट ओलांडणाऱ्या हमरस्त्याच्या अलीकडे पावणेतीन किलोमीटरवर तो थांबला. तेव्हा आम्ही सगळे रोज तेवढीच बातमी बघत होतो.

प्रश्न : आई अडुसष्ट वर्षांची आहे. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी तिला गरगरतं. तिला न्यावं की नाही?

उत्तर : आईंना विचारा, त्यांची इच्छा असेल तर न्या. उंचीवर गरगरणाऱ्या अनेकांना हेलिकॉप्टरमध्ये तेवढा त्रास होत नाही, कारण कड्यावर असते तशी पायापासून जमिनीपर्यंत जाणारी उभी रेष तिथे डोळ्यांना मिळत नाही. मोठ्या खिडक्यांच्या बंद हेलिकॉप्टरमध्ये बसवा, हिलोहून पाऊण तासाची फेरी घ्या, दोन तासांची नको. सकाळची पहिली वेळ मागा, तेव्हा वारा कमी असतो. उपाशीपोटी नेऊ नका, तुडुंब जेवूनही नको. मळमळ व्हायला लागली तर कॅमेऱ्याच्या पडद्यात बघणं बंद करून क्षितिजाकडे बघायचं, हे आधीच सांगून ठेवा. पायलटशी माइकवर बोलता येतं, त्याला सांगितलं की तो वळणं सावकाश घेतो.

दमा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो आणि वाऱ्याची दिशा फिरली की तो नाकातोंडात जातो. आणि सहलीत कुणी स्कूबा डायव्हिंग करणार असेल तर त्यानंतर चोवीस तास उडायचं नाही. तरुण मंडळी हे हमखास विसरतात.

प्रश्न : दारं काढलेलं हेलिकॉप्टर घ्यावं का? फोटोंसाठी तेच बरं म्हणतात.

उत्तर : फोटोंसाठी बरंच, काचेचं प्रतिबिंब येत नाही. पण वारा कसला असतो याची आधी कल्पना करून घ्या. मोटारसायकल जोरात चालवताना लागतो त्याहून जास्त, तोही सतत आणि गार. पावसाची सर आली तर थेंब टोचतात. फुल पँट, अंगाला घट्ट बसणारं जाकीट, बंद बूट. केस घट्ट बांधा. ओढणी, टोपी, गळ्यातलं, पाकीट, खिशातला सुटा रुमाल, सगळं खाली ठेवून जायचं. सुटलेली वस्तू मागच्या पंख्यात गेली तर सगळ्यांच्या जिवावर बेतेल. फोन पट्टीने मनगटाला बांधू देत असतील तरच न्या. चष्म्याला मागून दोरी हवी.

बंद हेलिकॉप्टर घेतलंत तर गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा शर्ट काचेत उमटतो आणि प्रत्येक फोटोत तुमचाच शर्ट येतो.

प्रश्न : बुकिंग करतानाच वजन विचारतात, वर तिथे सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात म्हणे. फार संकोच वाटतो.

उत्तर : वजनाचा संबंध सुरक्षिततेशी आहे. हेलिकॉप्टरचा तोल कोण कुठे बसतं यावर ठरतो, म्हणून जागा तेच देतात आणि पुढची सीट मागून मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी आकडा फक्त कर्मचाऱ्यांना दिसतो. साधारण २४० पौंडांच्या, म्हणजे १०९ किलोच्या पुढे बऱ्याच कंपन्या शेजारच्या सीटचे जादा पैसे घेतात, तेवढं आधी विचारून घ्या. वजन खरं सांगा. कमी सांगितलंत तर आयत्या वेळी सगळ्यांची बसण्याची मांडणी बदलावी लागते.

प्रश्न : हवाईत हेलिकॉप्टर पडल्याच्या बातम्या वाचल्या आहेत. कंपनी निवडताना काय बघू?

उत्तर : वाचल्यात त्या खऱ्या आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये कौआइ बेटावर पर्यटकांचं हेलिकॉप्टर डोंगरात कोसळून सातही जण गेले. खराब हवेत पुढे जात राहण्याचा पायलटचा निर्णय, हे कारण चौकशीत पुढे आलं. जून २०२२ मध्ये आमच्याच बेटाच्या दक्षिण टोकाकडे एका हेलिकॉप्टरची शेपटी हवेत तुटली, त्यातले सहाही जण जखमी झाले पण वाचले.

फोनवर पहिला प्रश्न विचारा तो हा, तुमच्या पर्यटन फेऱ्या पार्ट १३५ खाली चालतात की पार्ट ९१ खाली? अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या या दोन नियमावल्या आहेत. जिथून उडालं तिथेच परत येणाऱ्या, पंचवीस मैलांच्या आतल्या फेऱ्या ९१ खालीही चालवता येतात. १३५ मध्ये पायलटचं प्रशिक्षण, त्याच्या कामाचे तास, यंत्राची देखभाल, सगळ्यालाच कडक अटी आहेत. मी घरच्यांना १३५ शिवाय बसू देत नाही.

दुसरा प्रश्न, हवा बिघडली तर फेरी रद्द करता का आणि पैसे परत देता का? सहज "हो" म्हणणारी कंपनी चांगली. तिसरा, मार्ग कुठून आहे? राष्ट्रीय उद्यानांवरून होणाऱ्या फेऱ्यांवर २००० च्या कायद्यामुळे मर्यादा आल्या आहेत आणि इथल्या उद्यानावरच्या फेऱ्या अलीकडे खूप कमी करायचं ठरलं आहे. हालेमाउमाउवरून जाणार आहोत, असं गृहीत धरून तिकीट काढू नका, विचारून काढा. उंचीबद्दल हुज्जतही घालू नका. हवाईत पर्यटन फेऱ्यांसाठी साधारण किमान १,५०० फुटांचा नियम आहे, खास परवानगी असलेल्यांनाच त्याखाली येता येतं. "आणखी खाली घ्या ना" असं पायलटच्या मागे लागणारे प्रवासी मी पाहिले आहेत. तसं अजिबात करू नका. आणि ढगात शिरण्याचा आग्रह तर त्याहून नाही.

कमरेला बांधायला एक छोटी पिशवी देतात, त्यात तरंगायचं जाकीट असतं. ते हेलिकॉप्टरच्या आत कधीही फुगवायचं नाही, बाहेर पडल्यावर फुगवायचं. उड्डाणाआधी हे सांगतात तेव्हा बहुतेक जण सेल्फी घेत असतात. तुम्ही ऐका.

प्रश्न : ज्यांची घरं गाडली गेली, त्यांच्या डोक्यावरून मौज म्हणून फिरायचं, हे मनाला पटत नाही. तुम्हाला पटतं?

उत्तर : हा प्रश्न विचारलात याबद्दल मनापासून आभार. माझ्या ओळखीच्या एक बाई लेइलानीत राहायच्या. त्यांचं घर २०१८ मध्ये गेलं. त्या महिन्यांत डोक्यावर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं त्यांना सहन व्हायची नाहीत, अजूनही आवाज आला की त्या बोलायच्या थांबतात. इथल्या मूळ हवाईयन लोकांसाठी हालेमाउमाउ हे पेलेचं, त्यांच्या देवीचं, निवासस्थान आहे. तिच्यावरून दिवसभर घरघर चालावी हे त्यांना खटकतं, आणि फेऱ्या कमी करण्याच्या मागणीत त्यांचा आवाज मोठा आहे. मला ती मागणी रास्त वाटते.

तरी मी जाते. त्या जमिनीवर काय घडलं ते वरून बघितल्यावर ते मला जितकं समजलं तितकं कुठल्याच नकाशाने समजलं नव्हतं, आणि वर्गातली मुलं हे बघून येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बदललेले असतात. पण एकदा जा, रोज नको. पाऊण तासाची एक फेरी पुरे. वस्तीवर पुन्हा पुन्हा घिरट्या मारण्याऐवजी ओसाड लाव्हावर वेळ घालवणारा पायलट निवडा, बुकिंग करताना तसं सांगता येतं. घरांचे, अंगणांचे जवळून फोटो काढून जगाला दाखवू नका. आणि खाली उतरल्यावर लेइलानीजवळच्या पाहोआ गावात जा, तिथे जेवा, तिथल्या बाजारात पपई घ्या. २०१८ नंतर त्या भागाचं गिऱ्हाईक तुटलं होतं.

प्रश्न : चारांपैकी कोणत्या दिवशी बुकिंग करू?

उत्तर : पहिल्या. हिलो हे अमेरिकेतल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक आहे, फेरी रद्द होण्याची तयारी ठेवावीच लागते. पहिल्या दिवशी सकाळचं बुकिंग असेल तर रद्द झाल्यावर हातात आणखी तीन सकाळी उरतात.